मोठ्या कंपनीत फ्रंटएंडचा इंटरव्ह्यू: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी दहा वर्षं फ्रंटएंडच (वेबसाइटचा युजरला दिसणारा भाग) करतोय, पहिली चार सर्व्हिस कंपनीत आणि नंतर प्रॉडक्टमध्ये, आणि गेली काही वर्षं मी स्वतः इंटरव्ह्यू घेतोही. कॉलेजचे ज्युनिअर, गावाकडच्या ओळखीतली मुलं, कुणाकुणाचे मामेभाऊ, सगळ्यांचे शनिवार-रविवारी फोन येतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. हे मुख्यतः दोन ते सहा वर्षं अनुभव असलेल्यांसाठी आहे, जे पुणे, बंगळुरू, हैदराबादच्या मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांकडे बघतायत.

एकूण राउंड किती असतात? किती दिवस लागतात?

आधी रिक्रूटरचा वीस-तीस मिनिटांचा कॉल, मग ऑनलाइन टेस्ट किंवा एक कोडिंगचा कॉल, आणि त्यात निघालात की चार-पाच राउंडची मुख्य फेरी, प्रत्येक राउंड ४५ ते ६० मिनिटांचा. या फेरीत साधारणपणे एक डीएसए (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम), एक जावास्क्रिप्टचा, एक मशीन कोडिंग (दिलेल्या वेळात चालणारा छोटा भाग बनवून दाखवणं), एक फ्रंटएंड सिस्टीम डिझाइन आणि एक मॅनेजरचा असतो. सगळं मिळून तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कितीही लागू शकतं, मधेच रिक्रूटर पंधरा दिवस गप्प बसला तरी घाबरू नका, एक नम्र मेल टाका आणि अभ्यास चालू ठेवा.

एक गोष्ट माहीत असू द्या. गूगलमध्ये इंटरव्ह्यू घेणारा स्वतः हो-नाही ठरवत नाही, सगळ्यांचा लेखी फीडबॅक एका हायरिंग कमिटीकडे जातो. ॲमेझॉनमध्ये एक 'बार रेझर' असतो, जो त्या टीमचा नसतो आणि त्याच्या मताला फार वजन असतं. म्हणजे एक राउंड वाईट गेला की सगळं संपलं असं नसतं, पण पहिला राउंड बिघडला म्हणून पुढच्या तिन्हीत तोंड पाडून बसणारे मी पाहिलेत आणि तिथे खरं नुकसान होतं. दोन राउंडच्या मधल्या दहा मिनिटांत पाणी प्या, खोलीत फेऱ्या मारा, मागच्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसू नका.

फ्रंटएंडच करायचंय, मग डीएसए करावंच लागतं का?

हो. मलाही आधी पटत नव्हतं. पण फ्रंटएंडसाठी विचारतात ते जरा वेगळं असतं. ॲरे, स्ट्रिंग, हॅश मॅप, स्टॅक, आणि सगळ्यात जास्त ट्री, कारण डॉम (ब्राउझरने केलेली पेजची मांडणी) हा ट्रीच आहे आणि रिकर्शन आलं नाही तर तुम्ही नेस्टेड कमेंट्स, फोल्डरची झाडं, आतल्या आत असलेले ऑब्जेक्ट सपाट करणं यातलं काहीच लिहू शकत नाही. मीडियम लेव्हलचे प्रश्न रोज एक तास असे दोन-अडीच महिने केले तर पुरतं. अवघड डायनॅमिक प्रोग्रॅमिंगवर महिना घालवू नका, तो महिना जावास्क्रिप्टला द्या.

रिअ‍ॅक्ट चांगलं येतं, मग जावास्क्रिप्ट वेगळं का करायचं?

कारण बऱ्याच मोठ्या कंपन्यांत किमान एका राउंडला सरळ सांगतात की कुठलीही लायब्ररी न वापरता लिहा. रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, हुक्स (कॉम्पोनंटमध्ये स्टेट वगैरे वापरायची त्याची फंक्शन्स) २०१९ मध्ये आले, उद्या अजून काही येईल, पण खाली ब्राउझर आणि जावास्क्रिप्ट तेच राहतं. आणि खरं सांगायचं तर रिअ‍ॅक्टमधले अर्धे बग हे जावास्क्रिप्टचेच असतात. युजइफेक्ट या हुकच्या आत जुनीच व्हॅल्यू का दिसते? क्लोजरमुळे, म्हणजे फंक्शन तयार होताना आजूबाजूला असलेली व्हेरिएबल्स ते धरून ठेवतं म्हणून. हे ज्याला कळलं त्याला डिपेन्डन्सी ॲरे पाठ करावा लागत नाही.

क्लोजर, धिस, प्रोटोटाइप, प्रॉमिस, इव्हेंट बबलिंग आणि डेलिगेशन, हे पक्कं पाहिजे. व्हार वापरून तीन वेळा लूप फिरवला आणि आत सेटटाइमआउट लावला तर तीनदा ३ का छापलं जातं आणि लेट लावलं की ०, १, २ का येतं, हा प्रश्न म्हातारा झाला तरी अजून विचारतात. नुसतं 'लेट ब्लॉक स्कोप्ड आहे' म्हणून थांबू नका, प्रत्येक फेरीला नवीन व्हेरिएबल तयार होतं आणि आतलं फंक्शन त्या त्या व्हेरिएबलला धरून ठेवतं, हे बोला. आणखी एक साधा वाटणारा: १०, ९, १ अशा ॲरेवर काहीही न देता सॉर्ट मारला तर काय येतं? १, १०, ९ येतं, कारण तो आकड्यांची स्ट्रिंग करून लावतो. हे माहीत नसलेली पाच-पाच वर्षं अनुभवाची माणसं भेटतात.

इव्हेंट लूप नेमका कितपत यायला हवा?

एवढा की कुठली ओळ कधी चालेल याचा कागदावर क्रम लावता आला पाहिजे. समजा पहिल्या ओळीत १ छापलं, दुसरीत शून्य मिलिसेकंदाचा सेटटाइमआउट लावून आत २, तिसरीत रिझॉल्व्ह झालेल्या प्रॉमिसच्या देनमध्ये ३, आणि शेवटच्या ओळीत ४. तर येतं १, ४, ३, २. सरळ कोड आधी संपतो, मग मायक्रोटास्कची (म्हणजे प्रॉमिसच्या देनसारख्या कामांची) रांग पूर्ण रिकामी होते, आणि त्यानंतर टायमरचा नंबर लागतो.

मग पुढचा प्रश्न येतो तो खरा. देनच्या आतून सारखं नवीन देन लावत राहिलं तर काय होईल? पेज गोठेल, कारण मायक्रोटास्कची रांग पूर्ण रिकामी झाल्याशिवाय ब्राउझर स्क्रीन रंगवायलाच जात नाही. हेच सेटटाइमआउटने केलं तर पेज गोठत नाही, मधे मधे श्वास घ्यायला जागा मिळते. हे उत्तर जो स्वतःहून देतो त्याच्याबद्दल मी लगेच चांगलं लिहितो, कारण त्याने नियम पाठ केलेला नसतो, ब्राउझर आत काय करतोय ते त्याला दिसत असतं.

डिबाउन्स, थ्रॉटल, प्रॉमिस डॉट ऑल हे स्वतः लिहायला लावतात का?

लावतात, आणि वीस मिनिटांत. डिबाउन्स म्हणजे एसटीचा कंडक्टर. माणसं चढतायत तोवर थांबतो, थोडा वेळ कुणीच चढलं नाही की मग डबल बेल. थ्रॉटल म्हणजे दर दहा मिनिटांनी सुटणारी गाडी, स्टँडवर कितीही गर्दी असो, दहा मिनिटांत एकच. सर्च बॉक्सला डिबाउन्स, स्क्रोलला थ्रॉटल.

लिहिताना लोक दोन गोष्टी विसरतात, धिस आणि आर्ग्युमेंट्स पुढे पाठवणं, आणि कॅन्सल करायची सोय. प्रॉमिस डॉट ऑल लिहिताना रिझल्ट पुश करू नका, इंडेक्सवर ठेवा, कारण दुसरं प्रॉमिस पहिल्याच्या आधी पूर्ण होऊ शकतं आणि उत्तरं मात्र दिलेल्या क्रमानेच परत यायला हवीत. रिकामा ॲरे आला तर? तोही लगेच रिझॉल्व्ह व्हायला हवा. हे तोंडाने बोलून दाखवा.

मशीन कोडिंग राउंडला काय करायचं असतं? मला त्याचीच जास्त भीती वाटते.

यावर जरा जास्त लिहितो कारण माझा स्वतःचा यात बळी गेलाय. २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीत मला ऑटोकम्प्लीट करायला दिलं होतं, साठ मिनिटं. मी पहिली पंचवीस मिनिटं फोल्डर रचण्यात आणि बॉक्सला सावली द्यायला सीएसएस लिहिण्यात घालवली. वेळ संपला तेव्हा दिसायला सुंदर बॉक्स होता आणि टाइप केल्यावर खाली यादीच येत नव्हती. दोन दिवसांनी नकार आला. तो नकार बरोबरच होता, पण हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं आजही वाटतं, म्हणून सांगतोय.

पहिली पाच मिनिटं फक्त विचारा. डेटा सर्व्हरवरून येणार की इथेच आहे, किती नावं आहेत, कीबोर्डने चालायला हवं का, मोबाइलवर कसं दिसावं. मग वीस-पंचवीस मिनिटांत ओबडधोबड का होईना पण चालणारं करा. टाइप केलं की यादी येते, क्लिक केलं की निवडलं जातं, बस. त्यानंतर उरलेल्या वेळात एकेक थर चढवा.

आता याच ऑटोकम्प्लीटमध्ये इंटरव्ह्यू घेणारा काय शोधत असतो ते बघा. गावाचं नाव शोधायचा बॉक्स आहे. युजरने 'सो' टाइप केलं, रिक्वेस्ट गेली. मग त्याने 'सोला' केलं, दुसरी रिक्वेस्ट गेली. दुसरीचं उत्तर आधी आलं, यादीत सोलापूर दिसलं. आणि अर्ध्या सेकंदाने पहिलीचं रखडलेलं उत्तर आलं आणि त्याने यादी पुसून सोनई, सोयगाव, सोनपेठ दाखवले. बॉक्समध्ये 'सोला' आणि खाली सोनई. डिबाउन्स लावला तरी हे थांबत नाही, नुसतं कमी होतं, कारण नेटवर्क स्लो असेल तर दोन रिक्वेस्टमध्ये ३०० मिलिसेकंदांचं अंतर असूनही उत्तरं उलटसुलट येऊ शकतात. उपाय म्हणजे नवीन रिक्वेस्ट टाकताना जुनी ॲबॉर्टकंट्रोलरने रद्द करा, किंवा प्रत्येक रिक्वेस्टला नंबर द्या आणि शेवटच्या नंबरचंच उत्तर दाखवा. दहा जणांना हा राउंड दिला तर हे स्वतःहून बोलणारे फार थोडे निघतात. तुम्ही बोललात की समोरचा माणूस सरसावून बसतो.

त्यानंतर लोडिंग, एरर, 'काहीच सापडलं नाही' या तीन अवस्था दाखवा, कारण कामावर नेमक्या याच विसरल्या जातात आणि मग युजर कोरा बॉक्स बघत बसतो. मग खाली-वर बाण, एंटर, एस्केप. मग शोधलेल्या शब्दांचं उत्तर लक्षात ठेवायला छोटा कॅश. सजावट सगळ्यात शेवटी.

फ्रंटएंड सिस्टीम डिझाइनमध्ये लोड बॅलन्सर वगैरे काढायचं असतं का?

नाही. एक चौकोन काढून त्यावर 'सर्व्हर' लिहा आणि पुढे चला. तुम्हाला फोटोंची फीड, चॅट, ईमेलचा क्लायंट किंवा स्प्रेडशीट यातलं काहीतरी देतील आणि ब्राउझरच्या आत काय काय घडतं ते विचारतील.

फीड धरा. पहिला वाद पेजिंगचा. 'पुढचे वीस द्या, चाळीस सोडून' असं मागत असाल आणि तेवढ्यात वर पाच नवीन पोस्ट आल्या तर सगळं पाचने सरकतं आणि जुन्याच पाच पोस्ट परत दिसतात, म्हणून फीडला कर्सर लागतो, 'या पोस्टच्या नंतरचे वीस द्या'. दुसरं, युजर खाली खाली जात राहिला तर डॉममध्ये हजारो नोड साठतात, म्हणून दिसतंय तेवढंच आणि थोडं वर-खाली ठेवायचं, यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात, पण त्याची किंमतही सांगा, ब्राउझरचा फाइंड न दिसणाऱ्या पोस्टवर चालत नाही आणि पोस्टची उंची वेगवेगळी असली की हिशोब डोकेदुखी होतो. तिसरं, लाइक दाबलं की सर्व्हरची वाट न बघता लगेच लाल करायचं आणि सर्व्हरने नाही म्हटलं तर परत फिरवायचं. घाटातल्या एसटीत बसलेल्या माणसाचं नेटवर्क डोळ्यासमोर ठेवून बोललात तर हे सगळं आपोआप सुचतं. शेवटी सिक्युरिटी, युजरने लिहिलेला मजकूर तसाच्या तसा एचटीएमएल म्हणून टाकला तर एक्सएसएस होतो, म्हणजे त्यातला परका स्क्रिप्ट तुमच्या पेजवर चालतो, आणि लॉगिनचं टोकन लोकल स्टोरेजमध्ये ठेवलं असेल तर तो स्क्रिप्ट ते वाचू शकतो.

प्रत्येक निर्णयाला 'हे का, आणि ते का नाही' जोडा. हा राउंड सगळा तेवढ्यासाठीच असतो.

सीएसएस विचारतात का अजून?

विचारतात, कमी. फ्लेक्स, ग्रिड, स्पेसिफिसिटी, बॉक्स सायझिंग, आणि झेड इंडेक्स ९९९९ देऊनही मोडल मागेच का राहतं, म्हणजे स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट. पोझिशन स्टिकी चालत नसेल तर वरच्या कुठल्यातरी पेरेंटला ओव्हरफ्लो दिलाय का बघा. एवढं पुरे.

'पेज स्लो आहे, काय कराल?' याचं बरोबर उत्तर काय?

पहिलं वाक्य 'आधी मोजेन' हेच. नव्वद टक्के मुलं थेट युजमेमोवर (आधी केलेला हिशोब लक्षात ठेवणारा हुक) उडी मारतात, असं मी माझ्या अंदाजाने म्हणतोय पण खरंच फार मारतात. काय स्लो आहे, उघडताना स्लो की वापरताना, सगळ्यांना की फक्त स्वस्त फोनवर, हे आधी विचारा.

आकडे मात्र तोंडावर असू द्या. एलसीपी, म्हणजे सगळ्यात मोठा तुकडा दिसायला लागणारा वेळ, २.५ सेकंदांच्या आत. सीएलएस, म्हणजे पेज उड्या मारतं ते, ०.१ च्या आत. आयएनपी, म्हणजे क्लिक केल्यावर स्क्रीनवर बदल दिसेपर्यंतचा वेळ, २०० मिलिसेकंदांच्या आत, आणि याने मार्च २०२४ मध्ये जुन्या एफआयडीची (पहिल्या क्लिकची दखल घ्यायला लागणारा वेळ) जागा घेतली, जुन्या नोट्स वाचून गेलात तर इथे पकडले जाल. हे सगळं सरासरीवर मोजत नाहीत, ७५व्या पर्सेंटाइलवर मोजतात, म्हणजे चारपैकी किमान तीन भेटींमध्ये तेवढं जमलं पाहिजे. ५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त मेन थ्रेड अडवणारं काम म्हणजे लाँग टास्क. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात.

फोटोला रुंदी-उंची दिली नाही म्हणून पेज उड्या मारणं आणि वरचाच मुख्य फोटो लेझी लोड केल्यामुळे एलसीपी बिघडणं, ही दोन कारणं मला सगळ्यात जास्त वेळा सापडलीयत.

ॲक्सेसिबिलिटी खरंच विचारतात की नुसतं म्हणायचं असतं?

विचारतात, आणि विचारायलाच हवं. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि बाहेरच्या देशांत तर मोठ्या कंपन्यांवर केसेस होतात. पण कायदा सोडा, माऊस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरने तुमचीच साइट वापरून बघा, पाच मिनिटांत कळेल. बटण हे बटण टॅगनेच करा, डिव्हला क्लिक लावू नका, कारण डिव्हवर टॅब जात नाही आणि स्क्रीन रीडरला ते बटण आहे हे कळत नाही. मोडल उघडलं की फोकस आत गेला पाहिजे, बंद केलं की जिथून आला तिथे परत. साध्या मजकुराचा रंग आणि मागचा रंग यात किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट.

माझं शिक्षण मराठी मीडियममधून झालंय, इंग्रजी अडतं. यामुळे नापास करतात का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारताना आवाज खाली जातो. मीही दहावीपर्यंत मराठीतच शिकलो.

फीडबॅक लिहिताना कम्युनिकेशन असा एक भाग असतो हे खरं, पण त्यात ॲक्सेंट किंवा ग्रामर तपासत नाहीत. बघतात ते एवढंच की याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतंय का. चूक ग्रामरमध्ये बोललेलं चालतं. पंधरा मिनिटं गप्प बसून कोड लिहिलेला चालत नाही, मग तो कोड कितीही बरोबर असो. एकदा एका मुलीने माझ्याकडे सिस्टीम डिझाइन दिलं, वाक्यं तुटक तुटक होती, 'युजर क्लिक, स्टेट लोडिंग, बटण डिसेबल, बिकॉज डबल क्लिक', अशी. पण एकही अवस्था सुटली नव्हती आणि प्रत्येकीला कारण होतं. मी तिला त्या दिवशीचा सगळ्यात चांगला शेरा दिला.

सराव कसा करायचा ते सांगतो. रोज एक प्रश्न घ्या, फोनवर रेकॉर्डिंग लावा, आणि इंग्रजीत मोठ्याने बोलत सोडवा. पहिल्या आठवड्यात स्वतःचं ऐकवणार नाही, तरी ऐका. महिनाभरात फरक पडतो, हे मी स्वतःवर केलंय. दहा-बारा वाक्यं घोटून ठेवा: विचार करायला एक मिनिट मागायचं वाक्य, प्रश्न परत विचारायचं वाक्य, 'मला असं समजलंय, बरोबर आहे ना' हे वाक्य, दोन पर्यायांतला एक का निवडला ते सांगायचं वाक्य. प्रश्न कळला नाही तर दुसऱ्यांदा विचारायला लाजू नका. डोक्यात मराठीत विचार झाला तरी काही बिघडत नाही, मी आजही बेरीज-वजाबाकी मराठीतच करतो.

मग देवनागरी येत असल्याचा काही उपयोग होतो का?

होतो! 'स्ट्रिंग उलटी करा' हा अगदी सोपा प्रश्न घ्या. सगळे स्प्लिट, रिव्हर्स, जॉइन करतात. आता 'नमस्ते' द्या. आपण मोजतो तीन अक्षरं, न, म, स्ते. जावास्क्रिप्टची लेंग्थ सांगते ६, कारण ती न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा असं सुटं सुटं मोजते. उलटी केली की मात्रा सगळ्यात पुढे येते, तिला धरायला अक्षरच उरत नाही, आणि स्क्रीनवर ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली मात्रा दिसते. यासाठी इंटल सेगमेंटर वापरायचा, जो माणसाला दिसणारी अक्षरं तोडून देतो. त्यातही जुन्या ब्राउझरमध्ये 'स्ते'चे 'स्' आणि 'ते' असे दोन तुकडे पडतात, युनिकोडने २०२३ मध्ये हा नियम सुधारला. इंग्रजीत वाढलेल्या माणसाला हे सहसा सुचत नाही, तुम्हाला पहिलीपासून माहितेय.

मी सर्व्हिस कंपनीत नुसते बग सोडवलेत. मॅनेजरच्या राउंडला काय सांगू?

बगच सांगा. ॲमेझॉनची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स असोत किंवा इतर कुणाचं काही, शेवटी त्यांना तुमची खरी गोष्ट हवी असते, परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, काय झालं.

मी कित्येक वर्षं सांगितलेली गोष्ट एका बटणाची आहे. आमच्या ॲपच्या मराठी आवृत्तीत 'पूर्ण करा' असं बटण होतं. त्याला फिक्स उंची, लाइन हाइट १, आणि ओव्हरफ्लो हिडन. इंग्रजीत झकास दिसायचं. मराठीत मात्र 'पूर्ण'चा खालचा ऊकार आणि वरचा रफार दोन्ही कापले जात होते, लोक 'पण करा' वाचत होते आणि ते बटण दाबावं की नाही ते कळत नव्हतं. टिकेट माझ्याकडे फक्त त्या एका बटणासाठी आलं होतं. मी डिझाइनरकडे गेलो, उंचीच्या जागी किमान उंची लावली, लाइन हाइट दीड केली, आणि मग बाकीच्या भाषांत असं कुठे कुठे कापलं जातंय ते शोधून सगळ्या कॉम्पोनंटमध्ये बदललं, आणि स्क्रीनशॉटची टेस्ट लावली म्हणजे परत कुणी बिघडवलं तर लगेच कळेल. चार ओळींचा सीएसएस, पण त्यात युजरची काळजी आहे, सांगितलं नव्हतं तेवढं पुढे जाणं आहे, दुसऱ्या टीमशी बोलणं आहे. असं एखादं तुमच्याकडेही असतंच. आत्ताच जुनी टिकेटं उघडा आणि पाच गोष्टी लिहून काढा. आणि सांगताना 'आम्ही केलं' म्हणू नका, 'मी केलं' म्हणा, आपल्याला संकोच वाटतो पण समोरच्याला तुमचा वाटा कळायला हवा.

एआय वापरला तर चालतो का?

रिक्रूटरला आधीच विचारा. काही कंपन्या आता स्वतःहून परवानगी देतात आणि तुम्ही त्याचा कोड तपासता कसा ते बघतात. परवानगी नसताना दुसऱ्या स्क्रीनवर उघडलात तर डोळे सांगतात, आणि पुढचा 'हे असं का लिहिलंस' हा प्रश्न अडवतो.

कन्सल्टन्सीवाला म्हणतो दोन वर्षं अनुभव वाढवून दाखवू, प्रॉक्सी (तुमच्या जागी दुसरा माणूस) बसवू. करू का?

नको. पीएफच्या यूएएनमध्ये तुम्ही कुठे कधीपासून होतात ते दिसतं, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला ते काढतात, आणि जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनीसुद्धा घरी पाठवतात. आणि कुठलीही मोठी कंपनी नोकरी द्यायला डिपॉझिट, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचे पैसे मागत नाही. मागितले की फोन ठेवा. आईवडिलांनी सोनं गहाण ठेवून असे पैसे भरलेले मी बघितलेत, फार वाईट वाटतं.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, कुणी थांबत नाही म्हणतात.

मोठ्या कंपन्या बहुतेक वेळा थांबतात, त्यांना सवय आहे. पहिल्याच कॉलला खरं सांगा, बायआउट (पैसे भरून नोटीस कमी करणं) होतो का ते एचआरला विचारून ठेवा. हातात लेखी ऑफर आल्याशिवाय राजीनामा टाकू नका. तोंडी ऑफर ही ऑफर नसते.

४० लाखांचं पॅकेज म्हणजे हातात किती?

आधी तुकडे करा. बेसिक आणि भत्ते मिळून फिक्स किती, बोनस किती आणि तो मिळेलच का, जॉइनिंग बोनस किती आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचा का, शेअर किती. शेअर साधारणपणे चार वर्षांत विभागून मिळतात, त्यामुळे कुणी चार वर्षांचा पूर्ण आकडा पहिल्या वर्षात धरून सांगत असेल तर चारने भागून बघा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही सीटीसीत (कंपनी सांगते त्या एकूण पॅकेजमध्ये) धरलेली असते. शेअर तुमच्या नावावर होतात त्या दिवशीच्या किमतीवर पगारासारखा टॅक्स लागतो, आणि ते परदेशी कंपनीचे असतील तर रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवावे लागतात, हे विसरू नका.

आकडा वाढवून मागायला लाजू नका. शांतपणे, एकदा, कारणासकट.

शेवटी 'काही प्रश्न आहेत का?' म्हणतात, तेव्हा?

टीमचं एखादं अलीकडचं अवघड टेक्निकल भांडण कसं मिटलं ते विचारा. उत्तर देताना समोरचा खुलला तर टीम चांगली असते.

नकार आला. आता?

दोन दिवस वाईट वाटू द्या. मग त्याच आठवड्यात, आठवतंय तोवर, विचारलेले सगळे प्रश्न आणि तुम्ही कुठे अडलात ते वहीत उतरवा. रिक्रूटरला मेल करून फीडबॅक मागा, बहुतेक जण देत नाहीत, काही जण फोनवर एखादं वाक्य सांगतात आणि ते सोन्यासारखं असतं. बहुतेक कंपन्यांत सहा महिने ते वर्षभराने परत अर्ज करता येतो, ती तारीख कॅलेंडरमध्ये टाका. ज्या कंपनीने २०१९ मध्ये मला ऑटोकम्प्लीटवरून परत पाठवलं होतं तिथेच मी सव्वा वर्षाने परत गेलो. यावेळी त्यांनी तारीख निवडायचं कॅलेंडर करायला दिलं. मी पहिली पाच मिनिटं नुसते प्रश्न विचारले, आणि पंचविसाव्या मिनिटाला तारखेवर क्लिक केलं की ती निवडली जात होती, रंग मात्र अजून एकही दिलेला नव्हता.